मूळपुरुषाची अंडी

लग्न ठरताना मुलाकडच्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, मुलगा निर्व्यसनी आहे. दुसरी, घराण्याचा मूळपुरुष घोरपडीला दोर बांधून किल्ला चढला होता. पहिली गोष्ट खरी निघाली. दुसरीबद्दल मी तेव्हाच हळूच विचारलं होतं की किल्ला कुठला, तर सासऱ्यांनी हात हवेत असा काही फिरवला की त्यात सगळेच किल्ले आले. मी साताऱ्याची. घोरपडीवरून चढलेले पूर्वज असलेली घरं एकट्या आमच्या गल्लीत तीन होती. त्यामुळे मी काही भारावले नाही, पण नाकही मुरडलं नाही. लग्न करून ग्वाल्हेरला आले.

इथे आल्यावर कळलं की आपण परमुलखात आहोत. हे मला सासऱ्यांनी सांगितलं. त्यांना मी मामंजी म्हणते. हा शब्द साताऱ्यात माझ्या आजीच्या पिढीबरोबर गेला, ग्वाल्हेरच्या मराठी घरांत अजून ठणठणीत आहे. तर मामंजी रोज कशा ना कशावरून म्हणायचे, "आपण इथले नाही, सूनबाई. आपण देशावरचे. इथे आपण पाहुणे." घराणं इथे येऊन सात की आठ पिढ्या झाल्या, यावर घरात अजून वाद आहे. पूर्वज शिपाईगडी होते, मामंजी सिंचाई विभागात कालव्यांची मापं घेत निवृत्त झाले. रविवारी हजीऱ्याच्या बाजारातून आणलेल्या बेडईशिवाय, त्या डाळ भरलेल्या पुऱ्यांशिवाय, त्यांचा दिवस सुरू होत नाही, भांडतात हिंदीत, शिंकल्यावर 'हे राम' म्हणतात. इतका लांबलेला पाहुणचार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

खरी परमुलखात आलेली त्या घरात मी एकटीच होते, पण माझ्या परमुलखाला सासर म्हणत असल्यामुळे त्याबद्दल कुणी उसासे टाकायचं कारण नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात माहेरी गेले ती पंधरा दिवसांची दीड महिना राहिले. नवऱ्याचा फोन आला की सांगायचे, कैरीचं लोणचं घातलंय, मुरलं की घेऊनच येते. लोणचं केव्हाच मुरलं होतं. त्याचा फोन आईनं घेतला तर तीही म्हणायची, "नाही हो, अजून कच्चंच आहे." मग दादरा बांधलेली बरणी मांडीवर घेऊन मी गाडीत बसले आणि झाशीपर्यंत रडले.

पण हे लोणच्याचं नाही, घोरपडीचं सांगायचंय.

आमचं घर दर्पण कॉलनीत. मागे एक रिकामा प्लॉट आहे, त्याचा मालक कोण हे कॉलनीत कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे तिथे बाभळी माजल्या आहेत आणि जनावरांनी वस्ती केली आहे. मोर आमच्या पाण्याच्या टाकीवर बसून कर्कश ओरडतात. माकडं दिवाळीत गच्चीवर येतात आणि चकलीला हात न लावता फक्त अनारसे नेतात. मुंगसाची एक जोडी कुंपणाच्या कडेनं अशी लगबगीनं जाते की जणू ऑफिस गाठायचंय. माझी मुलगी, आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, या सगळ्यांचे व्हिडिओ पुण्याच्या नातेवाइकांना पाठवते. ते विचारतात, "तिकडे वाघ पण येतो का गं?" त्यांच्या मते आम्ही आफ्रिकेत राहतो.

मागच्या मे महिन्यात, तापल्या वाऱ्याची लू ऐन भरात असताना, मी मागच्या व्हरांड्यात कूलरमध्ये पाणी भरायला गेले आणि कूलरखाली ओल्या फरशीवर हातभर लांब, राखाडी, खडबडीत काहीतरी पसरलेलं दिसलं. त्यानं मान वर केली. दुभंगलेली जीभ बाहेर काढली आणि आत घेतली. मी बादली टाकली आणि जी किंचाळले, ती शेजारच्या भाभी भिंतीवरून डोकावल्याच.

"हाय राम, बिसखोपड़ा!" त्या ओरडल्या. "भाभीजी, हटो वहाँ से! ये काट ले तो आदमी पानी नहीं माँगता!"

मामंजी दिवाणावर आडवे होते. भाभींचं ऐकून ते आधी दिवाणावर उभे राहिले. अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला इतक्या चपळाईनं उभं राहताना मी प्रथमच पाहत होते. मग वरूनच खिडकीतून त्यांनी नीट निरखून बघितलं आणि त्यांचा चेहरा पालटला.

"अगं, ही तर घोरपड आहे!" ते म्हणाले. "घाबरून काय राहिली आहेस, सूनबाई? ही आपलीच आहे."

"आपली म्हणजे?"

"म्हणजे आपला मूळपुरुष हिच्यामुळेच तर चढला. ही शोधत आली आहे आपल्याला." मग भिंतीकडे वळून त्यांनी हिंदीत जाहीर केलं, "भाभीजी, ये बिसखोपड़ा-विसखोपड़ा कुछ नहीं है. ये हमारे ख़ानदान की है."

भाभींनी माझ्याकडे सहानुभूतीनं बघितलं. मीही स्वतःकडे त्याच नजरेनं बघत होते.

त्या दिवसापासून कूलरखालची जागा मूळपुरुषाची झाली. घोरपड म्हणायला घरात बंदी आली. मामंजी कूलरचा पंखा हळू ठेवायचे, म्हणजे मूळपुरुषाला आवाजाचा त्रास होऊ नये. आम्ही घामानं निथळत बसायचो. रोज सकाळी एक कच्चं अंडं बशीत ठेवलं जायचं. गंमत म्हणजे एरवी मामंजींच्या बोलण्यात निम्मी हिंदी असते, पण घोरपडीशी ते अगदी दरबारी मराठी बोलायचे. "यावं. बसावं. आज उन्हाचा ताप फार आहे." मुलगी म्हणायची, "आजोबा, उसको क्या समझ आएगा?" यावर ते म्हणायचे, "तुला समजत नाही म्हणून तिलाही समजत नाही काय?" खरं सांगायचं तर सासूबाई गेल्यानंतर चार वर्षांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मलाही हळूहळू तिची सवय झाली. कपडे वाळत घालताना ती दिसली नाही तर मी कूलरखाली वाकून बघू लागले. हे मी भाभींना सांगितलं नाही.

श्रावणात घरात अंडं-मटण बंद असतं. मामंजींनी मूळपुरुषालाही श्रावण लावला. बशीत उकडलेला बटाटा आला. तिनं त्याला जीभ लावली आणि तोंड फिरवून प्लॉटात निघून गेली. दोन दिवस आली नाही, तेव्हा मामंजी समाधानानं म्हणाले की बघ, निर्जळी करून राहिली आहे. तिसऱ्या दिवशी भाभींच्या जिन्याखालच्या कबुतराची अंडी नाहीशी झाल्याचं कळलं. मामंजींनी सरळ कानावर हात ठेवले.

याच सुमारास माझ्या नवऱ्याची बदली पुण्याला झाली. मला काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला, लाज वाटावी इतका आनंद झाला. पुण्याहून सातारा म्हणजे मनात आलं की बसमध्ये बसावं आणि दुपारच्या जेवणाला आईसमोर हजर व्हावं. आई ऐंशीची आहे, तिचे गुडघे गेलेत. चोवीस वर्षं मी तिला वर्षातून एकदा, तेही पाहुण्यासारखी भेटत आले. नवरा पुढे जाऊन अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट बघून आला. मी इथे बसून त्याच्या खिडक्यांचे पडदे ठरवून टाकले. दिवाळी पुण्यात, असं पक्कं झालं.

मामंजींना नवऱ्यानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं. "बाबा, बघा, शेवटी आपण देशावर चाललो. तुमची इच्छा होती ना?"

मामंजी म्हणाले, "हो हो. चांगलं लागलं ऐकून." आणि उठून कूलरमध्ये पाणी भरायला गेले. भर पावसाळ्यात कूलर बंद होता.

गणपती विसर्जन होऊन आठवडाही झाला नव्हता. एके सकाळी भाभींचा आरडाओरडा ऐकू आला. मूळपुरुष मागच्या अंगणात सासूबाईंनी लावलेल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी जमीन उकरत होता. माती मागे उडत होती. भाभींनी आता कुणाचं न ऐकता कॉलनीतर्फे साप पकडणाऱ्याला बोलावलं. तो तरुण काठी आणि पोतं घेऊन आला, मामंजी हात पसरून वाटेत उभे राहिले, तेव्हा त्यानं त्यांच्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि काठी खाली ठेवली.

"अंकल, इसमें ज़हर-वहर नहीं होता. और इसको पकड़ना जुर्म है," तो म्हणाला. "वैसे भी ये मादा है. अंडे दे रही है."

मामंजींना हे जड गेलं. सात-आठ पिढ्यांचा मूळपुरुष भर अंगणात, भाभींच्या देखत, अंडी घालत होता. माझी मुलगी तोंडावर ओढणी धरून आत पळाली. मी तिथेच थांबले, कारण सून म्हणून मला चेहरा सरळ ठेवायची चोवीस वर्षांची सवय आहे. मामंजींनी घसा खाकरून विचारलं, "बच्चे निकलने में कितना टाइम लगता है?"

"छह-आठ महीने, अंकल. ठंड ज़्यादा पड़ी तो और भी."

"आठ पकड़ के चलें?"

"पकड़ लो."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. सरकारी माणसाला फाइल लांबवायला सबळ कारण सापडलं की चेहरा कसा दिसतो, ते मी त्या सकाळी पाहिलं. मला काय येऊ घातलंय ते तेव्हाच कळलं आणि माझं डोकं फिरलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितलं की दिवाळीला येणं होणार नाही. अंडी सोडून कसं येणार? घोरपड अंडी घालून निघून जाते, राखत बसत नाही, मग राखायचं कुणी? नवऱ्याला आधी थट्टा वाटली. मग त्यानं समजावलं, मग आवाज चढवला. पुण्याच्या फ्लॅटखाली ज्येष्ठांसाठी कट्टा आहे, लिफ्ट आहे, समोर दवाखाना आहे, सगळं सांगून झालं. मामंजी एकच म्हणत राहिले, "तू रागावून नको राहू. अंडी फुटली की दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो." शेवटी नवरा थकला. त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून मी आणि मुलगीही अडकलो. त्यानं सहाच महिने धरले आणि दिवाळीचं पाडव्यावर गेलं. म्हणजे गुढीपाडव्यावर.

मी काही सोशिक बाई नाही. दोन दिवस मी ताट आदळून वाढलं. तिसऱ्या दिवशी सरळ विचारलं, "मामंजी, चोवीस वर्षं मला ऐकवताय, आपण इथले नाही, आपण पाहुणे. मग आता निघायला काय झालं?"

त्यांनी पोळीचा तुकडा वरणात बुडवला. "म्हणत होतो," ते म्हणाले. "म्हणायला काय जातं?"

मी अजून एक पोळी जरा जोरातच वाढली.

अंड्यांची जागा त्यांनी विटा लावून आखली. वर जाळी घातली. शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची आली, मुंगसांना हाकलायला काठी आली, आणि एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'यहाँ पानी न डालें' असा फलक आला. कुणी पाणी टाकणार होतं असं नाही, पण कालव्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला फलकाशिवाय करमत नाही. सकाळचा चहा, पेपर, दुपारची डुलकी, सगळं त्या खुर्चीत. घोरपड स्वतः थंडी सुरू होताच कुठल्याशा बिळात गडप झाली. तिला तिच्या अंड्यांची काडीची पडली नव्हती. डिसेंबरात धुकं इतकं पडायचं की खिडकीतून फक्त मामंजींची माकडटोपी दिसायची. आई फोनवर विचारायची, "कधी येताय गं?" मी म्हणायचे, "आई, अंडी फुटली की." तिला आधी हे फार विनोदी वाटलं. नंतर ती हसायची बंद झाली.

संक्रांत होऊन गेली. रविवार होता, मामंजी बेडई आणायला हजीऱ्याला गेले होते. त्या खुर्चीतून ते तेवढ्यासाठीच उठायचे. फोडणीला कढीपत्ता हवा म्हणून मी मागे गेले. झाडामागे एक उपडी कुंडी होती, ती पायात आली आणि कलंडली. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उलगडलं तर आत अंड्यांची सालं. चामड्यासारखी, फाटलेली, वाळून कडक झालेली, दातांच्या खुणा असलेली. हे पिलांनी फोडलेलं नव्हतं, मुंगसानं खाल्लेलं होतं. कागद बघितला. त्यावर दिवाळीच्या सेलच्या जाहिराती होत्या, टीव्ही आणि फ्रिज, दोन्हींवर पणत्या काढलेल्या.

मी जाळी उचलली आणि खुरप्यानं माती उकरली. माती भुसभुशीत होती, कोपरापर्यंत हात गेला. आत काहीही नव्हतं.

म्हणजे दिवाळीपासून. अख्खी कडाक्याची थंडी हा म्हातारा माणूस माकडटोपी घालून एका रिकाम्या खड्ड्यावर पहारा देत बसला होता. सालं फेकून द्यायचीही त्याला हिंमत झाली नव्हती. त्यानं ती नीट गुंडाळून, बायकोनं लावलेल्या झाडामागे ठेवली होती.

पहिल्यांदा मला काय वाटलं तेही सांगते. वाटलं, आता सापडलात. आठ दिवसांत सामान बांधून निघू. मी फोन काढून सालांचा फोटोही घेतला. नवऱ्याचं नाव काढून फोटो जोडला. आणि पाठवायच्या ऐवजी तशीच बसून राहिले, त्यांच्या खुर्चीत. खुर्चीतून काय दिसतं ते मी प्रथमच बघत होते. कढीपत्ता दिसतो. स्वयंपाकघराची खिडकी दिसते, जिथे सासूबाई उभ्या असायच्या. टाकीवरचा मोर दिसतो. आणि दूर, धुकं विरळ झालं की, किल्ल्याची भिंत. अकराव्या मजल्यावरून यातलं काय दिसलं असतं?

मला एकदम आईचा आवाज आठवला. "नाही हो, अजून कच्चंच आहे." मी खड्डा बुजवला, माती थोपटली, जाळी जागेवर ठेवली. सालं कागदात गुंडाळून कुंडीखाली जशीच्या तशी सारली.

मामंजी आले तेव्हा मी हात धूत होते. त्यांनी बेडईचा पुडा ओट्यावर ठेवला, मागे गेले आणि तिथेच थबकले. कालव्याची मापं घेतलेला माणूस, त्याला विटांची रेघ वाकडी झालेली कळणारच. ते खाली वाकले. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. रविवारी या वेळेला येतोच. मी फोन घेऊन व्हरांड्यात आले.

"सामान हलवणाऱ्याला पाडव्याची तारीख देतोय," तो म्हणाला. "तिकडे काय? अंड्यांचं काही?"

मामंजींचा हात विटेवर होता. त्यांनी वर बघितलं नाही. वर सरकवलेल्या टोपीखालून त्यांचे कान तेवढे दिसत होते.

"नाही हो," मी म्हणाले. "अजून तशीच आहेत. यंदा थंडी फार पडली ना. पाडव्याचं काही खरं नाही."

"अगं, पण तुलाच यायचं होतं ना? आईंकडे..."

"बघू," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मामंजींनी वीट सरळ केली. दुसरी सरळ केली. मग खुर्चीचा आधार घेऊन उठले आणि कढीपत्त्याची एक डहाळी तोडून माझ्या हातात दिली. मी आले होते त्यासाठीच, आणि विसरले होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "तू साताऱ्याला जाऊन ये. चांगली दोन महिने राहून ये. नात आहे माझ्याजवळ. आईला बघ." आणि खुर्चीत बसून त्यांनी काठी मांडीवर घेतली. "अंडी मी बघतो."